दर्यावरील वाट व तिची शिस्त
मुंबई बंदराच्या तोंडाचा बोधप्रद इतिहास

आपल्या ज्ञातीत असे घर विरळाच सापडेल, की ज्यातील एकही पूर्वज बोटीने मुंबईस आला नाही. गावच्या बंदरात पडावात बसावयाचे, खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीच्या शिडीला हात घालावयाचा, डेकावर वळकटी पसरावयाची आणि उजाडता उजाडता मुंबईचे दिवे पाहावयाचे, हा क्रम आपल्या वडील पिढ्यांच्या अंगवळणी पडला होता. चाकरी, शिक्षण, लग्नकार्य, आजारपण या सर्वांची वाट ती एकच होती. परंतु ती बोट कोणत्या वाटेने आली, पाण्यावर मैलाचा दगड नसता तिला वाट कोणी दाखविली, आणि अंधारात ती खडकावर कशी आदळली नाही, हे प्रश्न किती जणांच्या मनात आले असतील? प्रवासी निजतो व तांडेल जागा राहतो. त्या जागरणाचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे यथामति मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ गतकालाचा आहे असे कोणी समजू नये. आपले काही तरुण आज मोठ्या जहाजांवर नोकरीस आहेत. सणावाराला गावी जाताना आपली मंडळी भाऊच्या धक्क्यावरून अगर गेटवेवरून अद्यापही बोटीत पाऊल ठेवतात. तेव्हा सागरी वाटेच्या शिस्तीशी आपला संबंध कालही होता व आजही आहे.

बंदराचे तोंड

मुंबईचे बंदर हे निसर्गाने दिलेले उत्तम बंदर आहे, असे आम्ही शाळेत पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलो. ते खरेच आहे. तथापि या बंदराचे तोंड दिसते तितके मोकळे नाही. उत्तरेस कुलाब्याच्या टोकापासून प्राँग्स नावाचा खडकाळ पट्टा पाण्याखाली दूरवर गेलेला आहे. दक्षिणेस अलिबागच्या बाजूला थळचा खडक आहे, आणि त्याच्या आसपास खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे उभी आहेत. आत शिरल्यावर रेवसच्या वाटेवर काशाचा खडक आहे. शिवाय कित्येक ठिकाणी तळाशी गाळ असून पाणी उथळ आहे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यात सुमारे पाच मीटरांचे अंतर पडते. म्हणजे सकाळी ज्या जागेवरून गलबत सुखाने गेले, तीच जागा दुपारी त्याच्या बुडाला लागावयाची. समुद्रावरील वाट जमिनीवरील वाटेप्रमाणे स्थिर नसते. ती घटकेघटकेस बदलते, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

तांडेलाची विद्या

नकाशे छापले जाण्यापूर्वी ही सर्व माहिती तांडेलाच्या मस्तकात असे. अमुक देवळाचे शिखर अमुक डोंगराच्या खिंडीत दिसू लागले म्हणजे गलबत वळवावे, तमुक झाड टेकडीआड गेले म्हणजे खडक टळला असे समजावे, अशा दुहेरी खुणांवर तो आपली वाट बांधी. दोरीस शिसे बांधून तो पाण्याचे वाव मोजी, आणि शिशाला चिकटून आलेली वाळू की चिखल हे पाहून आपण कोठे आहोत ते ओळखी. रात्री मतलई वारा सुटला म्हणजे निघावे, दिवसा खारा वारा धरावा, आगोट आली म्हणजे गलबत वर ओढावे व नारळी पौर्णिमेनंतरच ते पुन्हा पाण्यात लोटावे, ही सारी मार्गाची आखणीच होती. ती कागदावर लिहिलेली नव्हती, एवढेच.

या विद्येचे सामर्थ्य केवढे होते याची साक्ष १६७९ साली मुंबईच्या तोंडावरच पटली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी याने खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी 'रिव्हेंज'सारखी मोठी जहाजे आणून बेटाभोवती वेढा घातला. परंतु थळ व नागावकडील आपल्या लहान होड्या व गलबते रात्रीच्या वेळी उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर जात, आणि मोठ्या बुडाच्या जहाजांस त्यांचा पाठलाग करता येत नसे. तोफा इंग्रजांच्या मोठ्या होत्या, पण पाण्याची वाट आपल्या लोकांस ठाऊक होती. अखेर खांदेरी महाराजांच्या हाती राहिली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'तही पावसाळ्यात आरमार किल्ल्याच्या आश्रयाने बंदरात ठेवावे, असे बजाविलेले आहे. जावे कोठून याबरोबरच जाऊ नये केव्हा, हेही आपल्या पूर्वजांनी राजनीतीचा भाग मानले होते.

मात्र या विद्येत एक मोठे न्यून होते. ती एका माणसाजवळ असे आणि त्याच्याबरोबर जाई. परक्या बंदराच्या नाखव्यास तिचा उपयोग नव्हता. आणि दोन तांडेल समोरासमोर आले तर एकाच्या मनातील वाट दुसऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

नकाशे आणि दीप

मस्तकातील विद्या कागदावर उतरविण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात नेटाने सुरू झाले. जेम्स हॉर्सबर्ग याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडील समुद्रांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे अनेक वर्षे तीच दर्यावर्दी लोकांची पोथी होती. त्या शतकाच्या मध्यास टेलर या अधिकाऱ्याने पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली, आणि १८७४ साली कलकत्त्यास सागरी पाहणीचे स्वतंत्र खाते स्थापन झाले. आज हे कार्य डेहराडून येथील नौदलाच्या जलालेखन कार्यालयाकडे आहे. समुद्राचे नकाशे हिमालयाच्या पायथ्याशी तयार व्हावेत, हा योगायोग मौजेचा खरा!

वाफेच्या जहाजाने या कामास निकड आणली. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुवेझकडे निघाली. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आणि मुंबईच्या तोंडावर जहाजांची रीघ लागली. शिडाचे गलबत वाऱ्याच्या मर्जीने चाले व रात्री सहसा बाहेर थांबे. आगबोटीस वेळापत्रक असते. तिला रात्री-अपरात्री आत यावेच लागते. म्हणून १८६७ साली खांदेरीवर व १८७५ साली प्राँग्सच्या खडकावर दीपगृह उभे राहिले. ज्या खांदेरीने एके काळी परक्या जहाजांची वाट अडविली, तिनेच पुढे सर्वांस वाट दाखविली. तेच बेट आज कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करून आहे.

दीपगृहाचा दिवा केवळ उजेड पाडण्यासाठी नसतो, हे मुलांस अवश्य समजावून द्यावे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी असते. किती सेकंदांनी किती वेळा प्रकाश चमकला हे मोजले की खलाशास ते दीपगृह कोणते हे कळते. दोन दिव्यांची दिशा होकायंत्रावर पाहून त्या दोन रेषा नकाशावर ओढल्या की जेथे त्या छेदतात तेथे आपले जहाज असते. तांडेल देऊळ व डोंगर जुळवीत असे, तीच ही युक्ती. फक्त ती रात्रीही चालते आणि परक्यासही वापरता येते.

समोरासमोर आल्यावर

खडक जागचा हलत नाही, जहाज हलते. म्हणून गर्दीच्या पाण्यात खडकाहून दुसऱ्या जहाजाचे भय अधिक. रस्त्यावर गाडीवान ओरडून सांगतो. दर्यावर ओरडणे ऐकू जात नाही. यास्तव मनातील हेतू बोलल्यावाचून कळावा अशी काही सर्वमान्य रीत हवी होती. इंग्लंडमध्ये १८४० साली 'ट्रिनिटी हाउस' या संस्थेने आगबोटींसाठी असा नियम घालून दिला, १८४६ साली त्यास कायद्याचे रूप आले, आणि १८६३ साली इंग्लंड व फ्रान्स यांनी एकत्र नियमावली केल्यावर इतर अनेक राष्ट्रांनी ती उचलली.

त्या नियमांचे सार आजही तेच आहे. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो, आणि यंत्रावर चालणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवर पांढरा. समोरून तांबडा व हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले तर ते जहाज नेमके आपल्या अंगावर येत आहे असे समजावे, व दोघांनीही उजवीकडे वळावे. आडव्या वाटेने जाणारी यंत्रावरील दोन जहाजे असतील तर ज्याच्या उजव्या हातास दुसरे असेल त्याने वाट द्यावी. अरुंद वाटेत प्रत्येकाने आपल्या उजव्या काठाने चालावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांनी व कानांनी अखंड पहारा ठेवावा. विवाहपंक्तीत वाढप्यांनी कोणत्या बाजूने जावे व कोणत्या बाजूने परतावे हे ठरलेले असले म्हणजे हातातील आमटी कोणाच्या अंगावर सांडत नाही. यातील तत्त्व तेच.

शोकाची पाने

आता आम्हांस दुःखद भागाकडे वळले पाहिजे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' व 'तुकाराम' या कोकण किनाऱ्यावरील दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, स्वातंत्र्याचा दिवस अवघा महिन्यावर आलेला असता, १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाच्या आसमंतात उलटली व सहाशेंहून अधिक माणसे गेली. आषाढ अमावास्येचे दिवस होते आणि मुंबईची चाकरमानी मंडळी सणासाठी गावी निघाली होती. कोकणात अशी गावे आहेत की जेथे आजही ही आठवण काढताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज जड होतो.

या दुर्घटनेचा विचार विद्यार्थ्याच्या वृत्तीने केला पाहिजे. रेवसची वाट अनोळखी नव्हती. काशाचा खडक नकाशावर होता. अंतर थोडक्या मैलांचे होते. मग चुकले कोठे? कोकणच्या लांब पल्ल्याच्या बोटी आगोटीनंतर बंद होत. पण ही फेरी जवळची म्हणून पावसाळ्यातही चालू राही. अंतर थोडे म्हणून धोका थोडा, या समजुतीतच घात होता. बंदराच्या आडोशातून बोट बाहेर पडली की तिला उघड्या समुद्राची लाट लागते. मग मुक्काम पाच मैलांवर असो की पाचशे मैलांवर असो. त्यातून उतारूंनी भरलेली बोट एका अंगास कलली आणि माणसे एकीकडे लोटली गेली की ती सावरणे कठीण होते. त्या बोटीवर बिनतारी संदेश पाठविण्याची सोय नव्हती. त्यामुळे मुंबई डोळ्यांसमोर असूनही मुंबईस ही वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. जे वाचले त्यांतील पुष्कळ जण रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या मचव्यांमुळे वाचले. त्या कोळी बांधवांनी आपली मासळी पाण्यात टाकली आणि त्या जागी माणसे घेतली. त्यांचे हे ऋण कोकणाने विसरू नये.

'रामदास'पासून घ्यावयाचा धडा असा की, मार्गाची आखणी म्हणजे नकाशावर रेघ ओढणे नव्हे. आज निघावे काय, हा तिचा पहिला प्रश्न आहे. आणि संकट आल्यास कोणास व कसे कळवावे, हा शेवटचा.

दर्यावरील दुपदरी रस्ता

पुढील पाऊल युरोपात पडले. इंग्लंड व फ्रान्स यांच्या मधील डोव्हरची सामुद्रधुनी म्हणजे जगातील अत्यंत गजबजलेली जलवाट. तेथे जाणारी-येणारी जहाजे धुक्यात एकमेकांवर आदळत. यावर तोडगा म्हणून १९६७ साली तेथे येण्याची व जाण्याची वाट निरनिराळी आखण्यात आली. पाण्यावर रंगाने पट्टे काढता येत नाहीत. पण नकाशावर काढता येतात, व सर्वांनी ते मानले म्हणजे पाण्यावरही ते उमटतात. आरंभी हा पाळावयाचा संकेत होता. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमावलीत त्यास स्थान मिळाले, आणि १५ जुलै १९७७ पासून ती नियमावली अमलात येऊन तो बंधनकारक झाला. ओलांडावयाचाच असेल तर असा मार्ग शक्य तितका काटकोनात ओलांडावा, म्हणजे आडवे जहाज वाटेत कमीत कमी वेळ राहते, हाही त्यातीलच नियम. शहरातील हमरस्ता ओलांडताना मुलांस आपण हेच सांगतो.

एक दार, दोन घरे

मुंबईच्या तोंडाशी याच तत्त्वाची कसोटी २०१० साली लागली. १९८९ साली पलीकडच्या तीरावर न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून या एका दारातून दोन बंदरांची जहाजे जा-ये करीत आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी न्हावाशेव्याहून बाहेर पडणारे 'एमएससी चित्रा' व मुंबई बंदरात येणारे 'खलीजिया-३' ही दोन जहाजे प्राँग्सच्या परिसरात एकमेकांवर आदळली. 'चित्रा' एका कुशीवर कलंडले, त्यावरील शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडून ते उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत गेले, आणि दोन्ही बंदरांची वाट कित्येक दिवस बंद राहिली. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही.

येथे वादळ नव्हते आणि काळोखही नव्हता. दोन्ही जहाजांवर रडार होते, बिनतारी यंत्रे होती. परंतु एक जहाज एका बंदराशी बोलत होते आणि दुसरे दुसऱ्याशी. परस्परांत जे बोलणे वेळेवर व्हावयास पाहिजे होते, ते झाले नाही. 'रामदास'वर बोलण्याचे साधन नव्हते म्हणून अनर्थ वाढला. तेथे साधन असून अनर्थ झाला. साधने वाढली म्हणून शिस्त आपोआप येत नाही, असे इतिहास आम्हांस सांगतो.

आजची आखणी

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९९ साली प्रवासाच्या आखणीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. त्यांत चार पायऱ्या आहेत. पहिली, सर्व माहिती गोळा करणे : नकाशे, भरती-ओहोटीचे कोष्टक, हवामान, दीपगृहे, जहाजाचे बूड पाण्यात किती खोल जाते ते. दुसरी, धक्क्यापासून धक्क्यापर्यंत संपूर्ण वाट आखणे : जेथे जावयाचेच नाही त्या जागा रेखाटून ठेवणे, बुडाखाली किती पाणी शिल्लक राहील याचा हिशेब करणे, आणि कोणत्या ठिकाणापर्यंत माघार घेता येते तेही नोंदविणे. तिसरी, ठरलेली वाट प्रत्यक्ष चालणे. चौथी, चालत असता क्षणोक्षणी आपण त्याच वाटेवर आहोत की नाही हे पडताळणे. यांतील माघारीच्या जागेचा विचार आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. पुढे जाण्याचा बेत सर्वच करतात. कोठून परतावे हे निघण्यापूर्वी ठरविणारा विरळा.

नियम मोठ्या जहाजांस झाले, पण लहान होडीचे काय? मोठ्या जहाजाच्या उंच पुलावरून लहान होडी दिसणे कठीण, आणि दिसली तरी ते जहाज एकाएकी थांबत नाही. जून २०१७ मध्ये कोचीजवळ आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मुनंबमजवळ मोठ्या जहाजांच्या धडकेने मच्छीमारांचे बळी गेले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२० पासून नैऋत्य किनाऱ्यावर व्यापारी जहाजांची वाट मासेमारीच्या पाण्यापासून वेगळी करण्यात आली. डोव्हरचे तत्त्व आपल्या दर्यावर आले ते अशा रीतीने.

आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातच गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीस, इंजिनाची चाचणी चालू असता ताबा सुटलेली नौदलाची वेगवान नौका धडकली, व पंधरा जणांचा अंत झाला. बोटीत परवान्याहून अधिक माणसे होती. त्यानंतर प्रवाशांनी जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे झाले. प्रत्येक नियमामागे कोणाचे ना कोणाचे प्राण असतात, हे वाचकांस आता निराळे सांगणे नलगे.

उपसंहार

तात्पर्य, गर्दीच्या दर्यावरील सुरक्षितता तीन गोष्टींवर उभी आहे : वाट आधी ठरविणे, ठरलेली वाट दुसऱ्यास कळविणे, आणि निघू नये तेव्हा न निघणे. खांदेरीच्या तांडेलापाशी पहिली व तिसरी होती. दुसरी मिळविण्यास जगास तीन शतके लागली.

यावरून आपल्या कुटुंबीयांस आमची काही नम्र विनंती आहे. बोट भरलेली दिसली तर दुसरीची वाट पाहावी. अर्धा तास उशीर झाल्याने सण बुडत नाही. जाकीट दिले असता ते बाकाखाली सारू नये, मुलांस आधी घालावे. एखादी फेरी हवामानामुळे रद्द झाली तर खिडकीवरील माणसाशी हुज्जत घालू नये; ज्याने 'नाही' म्हटले त्याने कदाचित् आपले प्राण राखले असतील. १५ मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोठी रो-रो बोट सुरू झाली आहे. सोय मोठी झाली. पण लाटेने आपला स्वभाव बदललेला नाही.

दुसरी विनंती ज्ञातिसंस्थेस. आपापल्या बंदरातील बुडीत खडकांची नावे, वळणाच्या खुणा, वाऱ्यांची माहिती ज्यांस तोंडपाठ आहे अशी वृद्ध माणसे गावोगाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शाळेतील मुलास एव्हरेस्टची उंची ठाऊक असते, पण स्वतःच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकाचे नाव सांगता येत नाही, हा आमचा दीर्घ अनुभव आहे. गावोगावच्या शाखांनी ही नावे व खुणा वृद्धांकडून लिहून घ्याव्यात आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांचे एक टिपण छापावे. जहाजांस आज उपग्रह वाट दाखवितो हे खरे. परंतु ज्या विद्येच्या बळावर आपले पूर्वज रात्री घरी परतले, ती त्यांच्या नातवंडांस निदान नावाने तरी ठाऊक असावी.

समुद्र कोणाचा द्वेष करीत नाही व कोणावर दयाही करीत नाही. त्याच्या वाटेवर माणसास माणसाचाच आधार : दीपगृहावर जागणाऱ्याचा, सुकाणू धरणाऱ्याचा, मासळी टाकून हात देणाऱ्याचा. 'रामदास', 'जयंती', 'तुकाराम' व 'नीलकमल' यांतून जे परतले नाहीत त्या सर्वांच्या स्मृतीस आम्ही अभिवादन करितो, आणि दर्यावर नोकरीस असलेल्या आपल्या तरुणांस सुखरूप प्रवासाचे आशीर्वाद देऊन हा लेख पुरा करितो.